घड्याळ बरोबर

६ जानेवारी

धाकट्या,

‘पत्रास कारण की’ एवढं लिहिलं आणि पेन अडकलं. कारण आहे म्हणूनच लिहायला बसलोय, पण ते सांगायला जीभ रेटत नाही. तेव्हा आधी खुशाली. गुडघे कुरकुरतात, वरचे दात गेले, कान मात्र शाबूत आहेत. तुझी वहिनी ठणठणीत आहे. मला पोचवूनच ती जाणार, असं ती स्वतः सांगते. चौतीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. एकदम पाकीट बघून तुला वाटेल, म्हातारा चालला वाटतं. तसं काही नाही.

गिरणीचा घड्याळाचा मनोरा आठवतो ना? शेड पाडल्या, धुराडं पाडलं, मनोरा तेवढा राहिला. काटे सव्वाचारवर अडकलेले. आता वस्तीने मनावर घेतलंय की घड्याळ पुन्हा चालू करायचं. मंडळ स्थापन झालंय. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात, त्या सेक्रेटरी. गवंडी मजुरी न घेता भिंत सांधतोय, रंगारी तबकडी घासतोय, सुताराने जिन्याच्या सडक्या फळ्या बदलल्या. ज्यांनी गिरणीत पाऊलही टाकलं नाही अशी पोरंसोरं ‘आपलं घड्याळ’ म्हणतात.

बाई परवा घरी आल्या. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या वडिलांनी आयुष्यभर त्या घड्याळाला चावी दिली, त्यांच्यानंतर अकरा वर्षं तुम्ही दिलीत. तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार?” मी हो म्हणालो. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि माझ्याकडे होतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

जाता जाता बाईंनी तुझी चौकशी केली. तुझ्या वहिनीने ताबडतोब पत्ता काढून दिला. अप्पा गेल्यावर तू पाठवलेलं कार्ड तिने जपून ठेवलंय, हे मला तेव्हाच कळलं.

तर आता मुद्दा. मंडळाचं पत्र आलं तर उत्तर देऊ नकोस. फारच झालं तर लिही, आठवत नाही. जुनं कशाला उकरायचं? तू म्हणालास घड्याळ चोर आहे, पाळी रोज नऊ मिनिटं उशिरा सुटते. फाटकावर सगळ्यांदेखत परीक्षा झाली, तुझंच मनगटातलं घड्याळ नऊ मिनिटं पुढे पळतं असं निघालं, लोक हसले, तू आठवड्यात गाव सोडलंस. झालं गेलं. मीही विसरलोय.

एक गोष्ट सांगू नये, पण सांगतो. इथे अजून तो शब्द चालतो. कोणी उगाच हट्टाने खोटा आळ घेतला की म्हणतात, “नऊमिनिट्या आहेस का?” आताच्या पोरांना तो कुठून आला ते माहीत नाही.

उत्तर देऊ नकोस. एवढं ऐक.

तुझा दादा

१९ जानेवारी

धाकट्या,

मागचं पत्र अजून टाकलेलं नाही. पेटीपर्यंत दोनदा गेलो. दोन्ही वेळा कोणीतरी ओळखीचं भेटलं आणि मी पाकीट खिशात घालून ‘फिरायला निघालोय’ म्हणालो. आता हे आणि ते एकदमच टाकीन.

मंडळाने बाहेरगावाहून घड्याळ दुरुस्त करणारी एक मुलगी आणली आहे. मुलगी म्हणजे चाळिशीची असेल, पण मला आता सगळ्या मुलीच वाटतात. कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलणं कमी. तिच्याबरोबर वर जायला मला बोलावलं. मी गुडघ्याचं निमित्त सांगितलं. ती एकटीच गेली, तीन तासांनी खाली आली आणि म्हणाली, “काका, यंत्र उत्तम आहे. आणि ते दार! असं मी कुठेच पाहिलं नाही.”

तुला दार आठवत नसेल, तू वर फारसा यायचा नाहीस. यंत्राभोवती लाकडी कपाट आहे आणि त्याच्या दाराला आतून पांढरा रंग दिलेला आहे. अप्पांचा दंडक होता की आज आपल्या हाताने घड्याळाला जे काही केलं ते त्या दारावर पेन्सिलने लिहायचं. चावी दिली, तेल घातलं, काटा सरकवला. आणि ओळीच्या शेवटी निकाल लिहायचा. एक तर ‘घड्याळ बरोबर’, नाही तर ‘चूक’. न लिहिता खाली उतरायचं नाही. मला शिकवलं तेव्हा म्हणाले होते, “बायकोशी खोटं बोल, साहेबाशी खोटं बोल, दाराशी बोलू नकोस.” ती सवय अशी हाडात मुरली की लिहिल्याशिवाय मला जिना उतरताच यायचा नाही.

अकरा वर्षं मी लिहिलं. बारीक अक्षरात, रोज.

मुलगी म्हणते, ते दार खाली उतरवून फाटकाशेजारच्या खोलीत सगळ्यांना बघायला लावायचं. बाईंना तर भरून आलं. मीही हसलो म्हणे. तुझी वहिनी म्हणाली, “अहो, हसताय की दाढ दुखतेय?”

रात्री झोप नाही. दार मिटलेलंच राहील असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

तुझा दादा

२ फेब्रुवारी

धाकट्या,

आज दुपारी मी मनोऱ्यावर चढलो. एकटा. या वयात, हे गुडघे घेऊन, एकशे बारा पायऱ्या आणि वरची शिडी. का ते आता लिहितोच, कारण हे पत्र मी टाकणार नाही असं वाटतंय आणि न टाकायच्या पत्रात खरं लिहायला कसली भीती?

काल दोन खोडरबर विकत घेतले. दुकानदार म्हणाला, “काका, शाळेत नाव घातलंत की काय?” मी हसलो. हल्ली मी फार हसतो.

मंडळी जेवायला गेली तेव्हा घुसलो. जिन्यात अंधार, भिंतीचा चुना हाताला लागत होता. प्रत्येक वळणावर वाटायचं की वरून कोणीतरी उतरतंय. शिडीच्या अर्ध्यावर पोचलो आणि तिला दोन्ही हातांनी कवटाळून उभा राहिलो. पडलो तर आपण वर कशाला गेलो होतो हे लोक विचारतील, ही भीती पडण्याच्या भीतीपेक्षा मोठी होती. बघ माणूस कसा असतो.

वर पोचलो. लंबक अजून तसाच आहे, माझ्या उंचीचा, खाली परातीएवढी लोखंडी चकती. बघितल्याबरोबर दंड दुखायला लागले. अकरा वर्षं मी तो मिठीत धरला आहे.

तू बरोबर होतास, धाकट्या. घे, लिहिलं. पाळी रोज नऊ मिनिटं उशिरा सुटायची. दुपारी बारानंतर तीनदा मी वर जायचो, लंबक एका अंगाला ओढून तीन मिनिटं धरून ठेवायचो. यंत्र थांबायचं. खालून बघणाऱ्याला तीन मिनिटांत मोठा काटा हलला की नाही ते कळत नाही. आत कोणाकडे घड्याळ नसायचं. पट्टा यंत्रात अडकतो म्हणून फाटकावरच ठेवून घ्यायचे. भोंगा माझ्या घड्याळावर व्हायचा. पाळी सुटून फाटक रिकामं झालं की मी काटे नऊ मिनिटं पुढे सारायचो. साहेबाने अप्पांना विचारलं होतं, अप्पा नाही म्हणाले आणि त्यांना घरी बसवलं. मग मला विचारलं. मी हो म्हणालो. अप्पांचे डोळे जात चालले होते, घर गिरणीचं होतं. ही कारणं खरी आहेत. पण मुख्य म्हणजे मी भ्यालो.

आणि हे सगळं मी दारावर लिहिलंय. ‘धरला ३. धरला ३. धरला ३. पुढे ९. घड्याळ बरोबर.’ अकरा वर्षं, रोज एक ओळ, माझ्याच अक्षरात. चोराने चोरी करून पावती ठेवावी तसं. दुसऱ्या कुठल्याही माणसाने लिहिलं नसतं. पण न लिहिता उतरलो असतो तर अप्पांनी दंडक मोडलास म्हणून मला खाल्लं असतं, असं तेव्हा वाटायचं. चोरी केली त्याबद्दल नाही, लिहिली नाही त्याबद्दल!

सगळं पुसायला आठवडा लागला असता. मी एकच ओळ पुसायला गेलो होतो. ती कोणती ते आज नाही सांगत. ती सापडली, रबर चालवलं, शिसं निघालं. दुसरीकडे हात नेला तर वर अप्पांचं अक्षर. तुझ्या जन्माची तारीख. ‘पहाटे धाकटा झाला. चावी उशिरा दिली. घड्याळ दोन मिनिटं मागे. चूक.’

दोन मिनिटांसाठी त्यांनी ‘चूक’ लिहिलं, रे. मी चार हजार दिवस ‘बरोबर’ लिहिलं.

तेवढ्यात शिडी वाजली. ती मुलगी. मी रबर तोंडात टाकलं. खरंच टाकलं, खिशात घालायला हात वळेना. ती म्हणाली, “काका, चढलात की! बरं वाटतंय ना?” मी मान हलवली. तोंडात रबर असताना दुसरं काय करणार? उतरताना तिने माझा हात धरला होता.

तुझा दादा

११ फेब्रुवारी

धाकट्या,

दार काल खाली आलं. दोरांवरून, चादरीत गुंडाळून, सहा जणांनी सांभाळत. मनोऱ्याखाली बाकं मांडली होती आणि माझ्यासाठी खुर्ची. दार भिंतीला टेकवलं. लोक वाकून वाकून वाचायला लागले. कोणी अप्पांची ओळ मोठ्याने वाचली की सगळे ‘वा!’ म्हणायचे.

मग मुलीने विचारलं, “काका, हे ‘धरला तीन’ म्हणजे काय? तुमच्या सगळ्या ओळींत आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मग माझ्याच तोंडून आलं, “थंडीत लोखंड आकसतं. घड्याळ पुढे पळतं. म्हणून थोडा वेळ लंबक धरायचा.”

“उन्हाळ्यातही?”

“अप्पांची पद्धत,” मी म्हणालो.

मेलेल्या बापाच्या अंगावर ढकललं मी. आणि झालं, विषय मिटला! अप्पांची पद्धत म्हटल्यावर कोण शंका घेणार? एक जण म्हणाला, बघा, किती बारकाईने राखायचे. टाळ्या पडल्या. बाईंनी तिथेच जाहीर केलं की मनोऱ्याच्या पायाशी शिळा बसवायची, त्यावर अप्पांचं आणि माझं नाव. ‘ज्यांनी वेळ प्रामाणिकपणे राखली.’ मी नको नको म्हणालो तर लोकांना तो विनय वाटला.

सुटलो, असं वाटलं. खरंच सांगतो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. संध्याकाळी मुलगी घरी आली. म्हणाली, “काका, एका ओळीवर कोणीतरी अलीकडेच रबर फिरवलंय. चुरा अजून खाचेत आहे.”

मी म्हणालो, “उंदीर असतील.” आता सांग, उंदीर खोडतात का?

ती हसली नाही. म्हणाली, “शिसं गेलं तरी पेन्सिलचा दाब राहतो. तिरका दिवा धरला की वाचता येतो. माझा तसला दिवा दुसऱ्या गावी आहे. अठ्ठावीस तारखेला घेऊन येते.”

झाकली मूठ आता अठ्ठावीसपर्यंत. तुझ्या वहिनीने तिला पुन्हा चहा घ्यायला बसवलं. मी मोरीत जाऊन उभा राहिलो.

तुझा दादा

२७ फेब्रुवारी

धाकट्या,

तू मंडळाला उत्तर दिलंस. अर्थात देणारच. देऊ नकोस असं सांगणारं पत्र माझ्या उशीखालीच आहे.

आज सकाळी सभा होती. घड्याळ कधी चालू करायचं, शिळेवर काय कोरायचं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, “भाऊंसाठी एक आनंदाची गोष्ट. त्यांच्या धाकट्या भावाचं पत्र आलंय.” आणि वाचायला लागल्या. मला ते पाठ झालंय. एकदाच ऐकलं तरी.

‘मंडळास नमस्कार. आपण बोलावलंत, पण मी येणार नाही. त्या घड्याळावर मी खोटा आळ घेतला होता. तेव्हा वय लहान होतं, माझं मनगटातलं घड्याळ स्वस्तातलं होतं, ते पुढे पळतंय हे मला समजलं नाही आणि मी साऱ्या गिरणीला वेठीला धरलं. माझ्यामुळे दादाला चार लोकांत मान खाली घालावी लागली. त्या दिवसापासून मी घड्याळ वापरलेलं नाही. कशाबद्दलही खात्रीने बोलायचं झालं की मी दोनदा थांबतो. दादाचं नाव शिळेवर येतंय ते योग्यच आहे. लोकांना माझी माफी सांगावी.’

लोक हळहळले. मागून कोणी म्हणालं, “चांगला माणूस हो, नऊमिनिट्या.”

धाकट्या, मला वाटत होतं तू चिडून गेलास. तुला ठाऊक असणार, तू मला ओळखलं असणार आणि म्हणून बोलत नाहीस. चौतीस वर्षं मी तुझ्या रागाला घाबरत होतो. तू तर स्वतःलाच चूक समजून बसला होतास!

मी उठलो. खुर्चीची पाठ धरली. ती एक ओळ, जी मी पुसली, ती मी सभेत पाठ म्हणून दाखवली. तुलाही लिहितो. ‘लंबक धरला नाही. धाकट्याचं मनगटातलं घड्याळ ९ पुढे केलं. घड्याळ बरोबर.’

परीक्षेच्या दिवशी सकाळी सातच्या भोंग्याला तू सगळ्यांदेखत तुझं घड्याळ लावलंस. मग रुमालात बांधून फाटकावरच्या खोलीत ठेवलंस. कोणी हात लावू नये म्हणून अप्पांची गाठ मारलीस, मनोऱ्यातल्या दोराला मारायचे ती, दोन वेढे आत आणि एक उलटा. म्हणालास, “ही गाठ सोडून पुन्हा तशीच बांधून दाखवा कोणी.” बरोबर होतं तुझं. ती जगात तिघांनाच येत होती. अप्पांना दिसत नव्हतं.

दुपारी साहेबाने मला त्या खोलीची किल्ली दिली. मी गाठ सोडली, काटे नऊ मिनिटं पुढे केले, गाठ मारली. त्या दिवशी मनोऱ्यातला लंबक मी धरला नाही. पाचचा भोंगा झाला, चहावाल्याच्या रेडिओने पाच सांगितले, मनोऱ्यावर पाच. तू रुमाल हातात घेतलास, गाठ बघितलीस, माझ्याकडे बघून हसलास. मग सोडलीस. पाच वाजून नऊ मिनिटं. ‘दिवसाला नऊ मिनिटं पळतंय रे तुझं घड्याळ!’ असं पहिल्यांदा मुकादम ओरडला. मी फाटकाला टेकून उभा होतो. लोक हसले तेव्हा मीही हसलो.

एवढं मी सभेत सांगितलं. साहेब गाठीबद्दल काही जाणत नव्हता, तेही सांगितलं. ती मी आपण होऊन मारली. अप्पांनी लंबक कधीच धरला नाही, हेही सांगितलं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवत नाही. उद्या ती मुलगी दिवा घेऊन येणार होती. मी आज तुझं पत्र ऐकून उठलो की उद्याच्या भीतीने उठलो, हे माझं मलाही सांगता येत नाही. लोक काय ते म्हणतील. मला वाटतं तुझ्या पत्रानेच. पण माझ्या वाटण्याला काय किंमत?

मग सूतखात्यातल्या मावशी, आता पंचाहत्तरीच्या आहेत, बसल्या जागेवरून म्हणाल्या, “रोज नऊ?”

“रोज.”

“गिरणीचं पाळणाघर पाच वाजून पाच मिनिटांनी बंद व्हायचं. दाई तिच्या घड्याळाने पोरं बाहेर पायरीवर बसवून कुलूप लावायची. मी धावत यायचे, तर माझा पायरीवर रडत असायचा. रोज. मला वाटायचं मीच हळू चालते. नवरा पण तेच म्हणायचा. मी चप्पल काढून पळायला लागले होते.”

त्या उठल्या आणि निघून गेल्या. मग एकेक करून सगळे. बाई टेबलावरचे कागद आवरत राहिल्या. खुर्च्या उचलायला कोणी थांबलं नाही म्हणून मी उचलल्या.

तुझा दादा

९ मार्च

धाकट्या,

तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, दिवा मालवते, बोलत नाही. सभेहून आलो त्या दिवशी एवढंच म्हणाली, “भावजी गेले तेव्हा मी त्यांना डबा करून दिला होता. तुम्ही तो धरून फाटकापर्यंत गेला होतात.” हे मी विसरलो होतो. आठवलं तेव्हापासून जेवताना घास फिरतो.

रस्त्यात लोक बघतात. गवंड्याने तोंड फिरवलं. दुकानदाराने विचारलं, “काका, रबर हवंय?” लागलं, पण बोलला तरी. मी घराबाहेर पडायला घाबरतो आणि रोज पडतो. घरात बसलो तर ती लपायची सवय पुन्हा लागेल.

मंडळाची पुन्हा सभा झाली. मला बोलावलं नव्हतं, मी जाऊन मागे उभा राहिलो. काहींचं म्हणणं, चोर घड्याळ चालू कशाला करायचं, राहू दे सव्वाचारवर. रंगारी म्हणाला, घड्याळाने काय केलं? त्याला तर धरून ठेवलं होतं. बरीच तोंडातोंडी झाली. शिळा रद्द झाली, ते उत्तमच. दार मात्र आहे तसं लावायचं ठरलं, सगळ्या ओळींसकट. मग घड्याळाला पहिली वेळ कोणी लावायची यावर अडलं. सूतखात्यातल्या मावशी आल्या होत्या. म्हणाल्या, “त्या नऊमिनिट्याला बोलवा.” आणि मग, “काय गं बाई त्याचं नाव?”

कोणालाच आठवेना. एवढ्या माणसांत कोणालाही तुझं नाव येईना. मंडळाच्या पाकिटावर तुझं नाव वहिनीनेच घातलं होतं. बाईंनी तुझं पत्र काढलं, तर खाली नुसती सही, न लागणारी. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नाव सांगितलं. मावशींनी ते दोनदा म्हणून बघितलं.

तर ठराव असा आहे. यंत्र दुरुस्त झालंय, तेलपाणी झालंय, लंबक उभा आहे. तू येऊन काटे लावशील आणि लंबक सोडशील तेव्हाच ते चालू होईल. तू येईपर्यंत नाही. मंडळाचं पत्र वेगळं येईल. त्या दिवशी मी मनोऱ्यापाशी नको असं तुला वाटलं तर मी घरी बसेन. माझे कान शाबूत आहेत, टोले घरात ऐकू येतील.

आधीची पाचही पत्रं याच पाकिटात घालतोय. एकही शब्द बदलला नाही. पहिलं वाचून तुला किळस येईल. ‘मीही विसरलोय’ असं लिहिलंय त्यात. फाडून टाकणार होतो, पण मग ते पुन्हा रबर चालवल्यासारखं झालं असतं.

सोबत तुझं घड्याळ आहे. गाव सोडताना तू ते रुमालासकट गटाराशेजारी टाकलंस, मी उचललं होतं. इतकी वर्षं माझ्या पेटीच्या तळाशी आहे. त्या मुलीने उघडून, साफ करून चार दिवस लावून बघितलं. म्हणाली, दिवसाला अर्धं मिनिट मागे पडतं. पुढे कधीच पळत नाही. स्वस्तातलं असेल, पण इमानी आहे. त्याच रुमालात ठेवलंय. गाठ मारलेली नाही. वहिनीने चारही बाजूंनी दोऱ्याने शिवून दिलंय. ते तिने आपण होऊन केलं.

काल मी दारापाशी गेलो. बाई होत्या, ती मुलगी होती, मावशींना कोणी धरून आणलं होतं. मी पेन्सिल मागितली. पुसलेल्या ओळीवर मुलीने तिरका दिवा धरला, दाबाच्या खाचा उमटल्या आणि मी त्याच खाचांतून पेन्सिल पुन्हा फिरवली. चौतीस वर्षांपूर्वीचं माझं अक्षर, त्यावरून माझंच. आता ती ओळ सगळ्यांहून काळी दिसते. शेवटचा ‘बरोबर’ तेवढा खोडला, सगळ्यांसमोर.

दाराच्या तळाला दोन ओळींची जागा होती. एक तुझ्यासाठी सोडली आहे, पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधून ठेवलीय. तू येशील की नाही, याची भीती मला आहेच. आलास तर माझ्याकडे कसा बघशील, याची त्याहून आहे. गाठ सोडताना तू हसला होतास तसा हसलास तर मी उभा राहू शकणार नाही.

वरच्या ओळीत मी कालची तारीख घातली आणि अप्पांच्या दंडकाप्रमाणे जे केलं ते लिहिलं.

‘लंबकाला हात लावला नाही. घड्याळ चूक. धाकटा बरोबर.’

अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

तुझा दादा